निस्तार पत्रक : वर्धा जिल्ह्यातील सामाईक हक्कांच्या नियमभाषेचा इतिहास

गावाच्या पडीक जमिनीवर कोणाची गुरे चरावीत, झुडपातले सरपण कोणी आणि किती न्यावे, नाल्यातील वाळू किंवा टेकडीचा मुरूम कोणाला फुकट मिळावा आणि कोणाला पैसे मोजून, हे ठरवणारे नियम प्रत्येक शेतकरी समाजाकडे असतात. मात्र हे नियम ठरावीक मथळ्यांखाली लिहून, गावापुढे प्रसिद्ध करून आणि अधिकाऱ्याच्या सहीने कायम करून ठेवण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र सारखी नाही. वर्धा नदीच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या मध्य प्रांताच्या मराठी मुलखात, ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आली असून ‘वाजिब-उल-अर्ज’ आणि ‘निस्तार पत्रक’ या दोन दस्तऐवजांच्या रूपाने ती आजही कायद्यात कायम आहे. निस्तार म्हणजे गावातील रहिवाशांनी आपल्या घरगुती व शेतीच्या नित्य गरजा, अर्थात चराई, सरपण, औतांसाठी लाकूड, घरासाठी माती व दगड, गावाच्या बिनभोगवट्याच्या जमिनीतून भागवण्याचा हक्क. आणि हा हक्क कोणाला, कशावर, किती व कोणत्या अटीवर आहे हे सांगणारा लेख म्हणजे निस्तार पत्रक.

संगणकशास्त्रात अशाच स्वरूपाच्या नियमांसाठी गेल्या काही दशकांत स्वतंत्र भाषा घडवल्या गेल्या. एखाद्या माहितीपर्यंत कोणी पोहोचावे, ती कोणी वाचावी आणि कोणी बदलावी हे यंत्राला कळेल अशा रीतीने लिहिणाऱ्या या भाषांना प्रवेश नियंत्रणाच्या धोरणभाषा म्हणतात. परवानगीचा नियम कसा लिहावा, दोन नियम एकमेकांना छेद देतील तेव्हा कोणाचे चालावे, आणि नियम गप्प असेल तेथे त्या मौनाचा अर्थ काय घ्यावा, हे या भाषांपुढील तीन मूळ प्रश्न आहेत. आणि हे तिन्ही प्रश्न वर्ध्याच्या गावांना त्यापूर्वी शंभर वर्षे भेडसावत आले होते. त्या गावांच्या इतिहासातून दिसते ते असे की, नोंदीचा साचा बदलला की ज्या हक्कासाठी नव्या साच्यात जागा नसते तो हक्क हळूहळू गळतो, आणि जो हक्क टिकतो तो, ज्यांच्यावर नियम चालतो त्यांनाच तो वाचता, खोडता व बदलता येतो तेव्हा टिकतो.

मालगुजारी आणि वाजिब-उल-अर्ज

१८५३ मध्ये तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या निधनानंतर नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग वेगळा काढून वर्धा जिल्हा बनवण्यात आला. वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट या तीन तहसिलींच्या या जिल्ह्यात १८६० च्या दशकातील जमीन महसुलाच्या बंदोबस्ताने, म्हणजे सारा ठरवून हक्कांची नोंद करण्याच्या मोहिमेने, एक मोठा बदल घडवला. भोसल्यांच्या काळात गावाचा सारा गोळा करून भरणारा जो मालगुजार होता, त्याला नव्या सरकारने गावाचा मालक म्हणून मान्यता दिली. नदीच्या पलीकडच्या वऱ्हाडात मात्र रयतवारी पद्धत राहिली, म्हणजे तेथे शेतकरी थेट सरकारला सारा भरत असे. त्यामुळे एकाच नदीच्या दोन काठांवर, एकाच भाषेच्या आणि एकाच पिकाच्या मुलखात, गावाच्या सामाईक जमिनीचे दोन वेगळे इतिहास सुरू झाले.

मालगुजार मालक ठरताच गावाभोवतीचे गवत, झुडपे आणि पडीक जमीनही त्याच्या मालकीची ठरली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे चारणाऱ्या काश्तकाराचा, म्हणजे जमीन कसणाऱ्या कुळाचा, हक्क कोणत्या आधारावर टिकणार हा प्रश्न उभा राहिला. या प्रश्नाचे उत्तर म्हणून बंदोबस्ताच्या कागदांत गावाचा वाजिब-उल-अर्ज जोडला जाऊ लागला. उत्तर हिंदुस्थानच्या महसूल व्यवहारातून आलेल्या या कागदात गावच्या चालीरीती, मालगुजार व काश्तकार यांचे परस्परसंबंध, चराई व लाकूडफाट्याची वहिवाट, पाण्याचे हक्क आणि कोतवालासारख्या गावनोकराचा मोबदला अशा बाबी नोंदल्या जात. १८८१ आणि १९१७ च्या मध्य प्रांत जमीन महसूल कायद्यांनी या नोंदीला वैधानिक आधार दिला.

या दस्तऐवजाची लिहिण्याची पद्धत विशेष होती. त्यात हक्क हे नव्याने दिलेले नसून आधीच असलेले म्हणून नोंदलेले होते, म्हणजे सरकार परवानगी देत नव्हते तर चाल लिहून घेत होते, आणि हा फरक पुढील दीड शतकात फार मोलाचा ठरला. तथापि चालीरीतींचे लेखन करताना गावातील कोणाचा शब्द कागदावर उतरतो हा प्रश्नही तेथेच निर्माण झाला. ज्या गावात सारा, कर्ज आणि जमीन या तिन्हींवर मालगुजाराची पकड होती, तेथे भूमिहीन मजुराची किंवा फिरत्या गुराख्याची चाल त्याच ठसठशीतपणे नोंदली जाण्याची शक्यता कमीच होती. मालगुजारी गावांच्या हद्दीबाहेर सरकारी जंगल होते आणि तेथे १८७८ व पुढे १९२७ च्या वन कायद्यांची वेगळीच भाषा चालत होती, जिच्यात वस्तुतः हक्काऐवजी सवलत, परवाना आणि गुन्हा हे शब्द मध्यवर्ती होते.

या दुसऱ्या भाषेविरुद्धचा रोष १९३० च्या सविनय कायदेभंगात उघड झाला. मध्य प्रांत व वऱ्हाडात समुद्र नसल्याने मिठाऐवजी जंगलाचा कायदा मोडण्याचे ठरले आणि १० जुलै १९३० रोजी नदीपलीकडे पुसद येथे लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. गवताची पेंढी ही सत्याग्रहाची वस्तू ठरावी यातच त्या प्रांतातील शेतकऱ्याच्या दैनंदिन गरजेचे आणि परवान्याच्या राज्याचे नाते स्पष्ट होते. पुढे १९३४ च्या अखेरीस वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य सुरू झाले आणि संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांच्या अध्यक्षतेखाली १९३८-३९ मध्ये प्रांताच्या औद्योगिक पाहणी समितीने शेकडो खेड्यांची पाहणी केली. जंगलाकडे महसुलाचे साधन म्हणून न पाहता आसपासच्या लोकांच्या आणि ग्रामीण कारागिरांच्या गरजांचा साठा म्हणून पाहावे, हा कुमारप्पांचा आग्रह निस्ताराच्या जुन्या चालीला अर्थशास्त्राची बैठक देणारा होता.

१९५१ : मालक बदलला, प्रश्न उरला

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश विधिमंडळाने मालकी हक्क नष्ट करणारा १९५० चा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क राज्याकडे गेले. या कायद्याने राज्याकडे आलेल्या गोष्टींची यादी लांबलचक होती: लागवडीलायक व पडीक जमीन, गवताळ जमीन, झुडपी जंगल, वन, झाडे, मासेमारी, विहिरी, तळी, पाट, पायवाटा, गावठाण, हाट, बाजार आणि जत्रा. खेड्यातील सामाईक जीवनाची जणू सूचीच या कलमात आली होती, आणि हे सर्व राज्याकडे बोजारहित, म्हणजे इतर कोणाच्याही दाव्यापासून मुक्त, अशा स्वरूपात यावे असे कायदा म्हणत होता. मालगुजाराची सावकारी आणि मिजास दूर करण्यासाठी वापरलेला हा शब्द गावकऱ्यांच्या वहिवाटीलाही पुसून टाकू शकत होता, म्हणून निस्ताराची चौकशी करून गावोगाव निस्तार पत्रके तयार करण्याचे काम १९५० च्या दशकात हाती घेण्यात आले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी वर्ध्यासह विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. राज्याच्या तीन भागांत तीन निरनिराळे महसूल कायदे चालू होते; त्यांना एकत्र करणारी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये मंजूर झाली आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. या एकीकरणात मध्य प्रांताचा वारसा हरवला नाही, उलट संहितेच्या कलम १६१ ते १६७ मध्ये तो नेमकेपणाने मांडला गेला.

संहितेतील नियमाचे व्याकरण

ही कलमे जवळून वाचली तर त्यांची रचना किती काळजीपूर्वक आहे हे ध्यानात येते. कलम १६१ नुसार जिल्हाधिकारी गावातील सर्व बिनभोगवट्याच्या जमिनीच्या व्यवस्थापनाची योजना म्हणून निस्तार पत्रक तयार करतो. त्याचा मसुदा गावात प्रसिद्ध होतो, रहिवाशांची इच्छा जाणून घेतली जाते आणि मगच ते कायम होते. एवढ्यावर न थांबता, ग्रामपंचायतीने मागणी केल्यास, किंवा पंचायत नसेल तेथे किमान एक चतुर्थांश प्रौढ रहिवाशांनी अर्ज केल्यास, पत्रकातील कोणतीही नोंद चौकशीअंती बदलता येते. कलम १६२ पत्रकात काय असावे ते सांगते: गुरे चारण्याच्या अटी, लाकूड, जळण व इतर वनोपज, मुरूम, कंकर, वाळू, माती, दगड यांसारखी गौण खनिजे रहिवाशांनी कोणत्या मर्यादेत घ्यावीत, आणि या सर्वांचे नियमन करणाऱ्या सूचना. कलम १६३ या रचनेला दिशा देते, कारण त्यानुसार शेतीच्या गुरांना फुकट चराई, रहिवाशांच्या खऱ्याखुऱ्या घरगुती वापरासाठी वनोपज व गौण खनिजे फुकट, आणि गावातील कारागिरांना त्यांच्या धंद्यासाठी सवलत, यांची तरतूद जिल्हाधिकाऱ्याने शक्य तेथवर करावयाची असते.

येथे नियमाचे पाच अवयव वेगळे दिसतात: हक्कदार कोण (रहिवासी, शेतकरी, कारागीर), वस्तू कोणती (गवत, सरपण, मुरूम), क्रिया कोणती (चारणे, तोडणे, वाहून नेणे), अट कोणती (घरगुती वापर, ठरलेली मर्यादा) आणि निकाल काय (फुकट, सवलतीने, किंवा नाही). कुंभाराला मातीची सवलत मिळते ती तो अमुक व्यक्ती आहे म्हणून नव्हे, तर तो त्या गावचा कारागीर आहे आणि माती त्याच्या चाकासाठी आहे म्हणून. तीच माती त्याने विक्रीसाठी गाडी भरून नेली तर अट मोडते. कलम १६४ गावाची हद्दही ओलांडते, कारण एखाद्या गावाची पडीक जमीन अपुरी असेल तर शेजारच्या गावच्या जमिनीवर चराईचा किंवा वनोपजाचा हक्क नोंदता येतो. गवळाऊ गुरांसाठी प्रसिद्ध असलेल्या आर्वी-कारंजा भागात, जेथे नंद गवळी समाजाची चराई कधीच एका मौजाच्या शिवेत मावली नाही, तेथे या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज टिकून आहे, परंतु त्याचा आवाका आता सिंचन, वहिवाटीचा रस्ता व इतर सुविधाधिकार आणि मासेमारी एवढ्यापुरता आखलेला आहे. त्यातील नोंदीने व्यथित झालेल्या माणसाला एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

यंत्राच्या परवानगीची भाषा

संहिता अमलात आल्यानंतर चारच वर्षांनी, १९७१ मध्ये, अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बटलर लॅम्पसन यांनी संगणकातील परवानग्यांसाठी एक सारणी मांडली, जिच्या आडव्या ओळींत वापरकर्ते, उभ्या रकान्यांत वस्तू आणि प्रत्येक चौकटीत परवानगी लिहिलेली असते. वापरकर्ते हजारोंनी वाढले तेव्हा व्यक्तिगणिक नोंद अशक्य झाली, म्हणून १९९२ मध्ये डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी परवानगी व्यक्तीला न देता तिच्या भूमिकेला द्यावी असा भूमिकाधारित आराखडा मांडला, रवी संधू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये त्याची प्रारूपे तपशिलाने बांधली आणि २००४ मध्ये तो अमेरिकेत प्रमाण मानक झाला. परंतु भूमिकेत प्रसंग मावत नाही: वेळ कोणती, हेतू कोणता, वस्तू कोणत्या प्रकारची, हे सांगण्यासाठी गुणधर्मांवर आधारलेली भाषा लागते. ओअ‍ॅसिस या मानक संस्थेने फेब्रुवारी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘एक्सॅकमल’ ही अशी भाषा होती. तिची दुसरी आवृत्ती २००५ मध्ये आणि तिसरी २०१३ मध्ये आली.

या भाषेत हक्कदार, वस्तू, क्रिया आणि परिस्थिती हे नियमाचे अवयव आहेत, म्हणजे संहितेच्या कलम १६२-१६३ मध्ये जे दिसते त्याच्याशी त्यांचे जवळचे साम्य आहे. मात्र तिने दोन गोष्टी अधिक स्पष्टपणे मांडल्या. पहिली अशी की, विनंतीला उत्तरे दोन नसून चार असतात: परवानगी, नकार, ‘कोणताही नियम लागू नाही’ आणि ‘ठरवता येत नाही’. नियमाने नाकारणे आणि नियमाने काहीच न बोलणे या भिन्न गोष्टी आहेत, हे तिने मानकातच लिहून ठेवले. दुसरी अशी की, दोन नियम परस्परविरोधी निघाल्यास नकार वरचढ ठरावा, परवानगी वरचढ ठरावी, की जो नियम आधी लागू होतो तो चालावा, हे नियम लिहिणाऱ्याने आगाऊ जाहीर केलेच पाहिजे. झुडपी जंगलाच्या इतिहासात नेमक्या याच दोन गोष्टी अस्पष्ट राहिल्या आणि त्याची किंमत गावांना मोजावी लागली.

झुडपी जंगल : नोंद एक, अर्थ अनेक

पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या महसुली कागदांत गावालगतची खुरटी झुडपे असलेली जमीन ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदली गेली. मालगुजारी काळात ही नोंद जमिनीच्या दिसण्याचे वर्णन करणारी होती, आणि निस्ताराच्या व्यवहारात ती चराईची जागा होती. याच जमिनीवर पुढे शाळा, घरे, दवाखाने, स्मशानभूमी आणि सरकारी इमारतीही उभ्या राहिल्या. २५ ऑक्टोबर १९८० पासून लागू झालेल्या वन संवर्धन कायद्याने वनजमिनीच्या वनेतर वापरासाठी केंद्र सरकारची पूर्वसंमती आवश्यक केली, आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात, मालकी कोणाचीही असो, शासकीय अभिलेखात वन म्हणून नोंदलेली जमीन व शब्दकोशातील अर्थाने वन असलेली जमीन या कायद्याच्या कक्षेत येते असे ठरवले. महसूल खात्याच्या लेखी ‘जंगल’ हा जमिनीचा प्रकार होता, वन कायद्याच्या लेखी ती जमिनीची कायदेशीर अवस्था ठरली.

सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगलाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी निकाल दिला. झुडपी जंगल हे १९९६ च्या आदेशानुसार वनच समजले जाईल, मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या आणि वापरात आलेल्या जमिनींना अपवाद म्हणून नियमित करण्यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवावेत, असा त्या निकालाचा गाभा आहे. दोन नियमसंचांपैकी नकाराचा नियम वरचढ आहे हे यातून शेवटी स्पष्ट झाले. परंतु ते स्पष्ट होण्यास १९८० पासून पंचेचाळीस वर्षे लागली आणि तोवर कित्येक कुटुंबांना आपल्या पायाखालच्या जमिनीची अवस्था माहीत नव्हती. नैसर्गिक वन वाचवण्याची निकड खरी आहे, आणि त्याचबरोबर हेही खरे आहे की झुडपी जमिनीवरच्या चराईचे काय, हा निस्ताराचा मूळ प्रश्न इमारती व वाटपांच्या चर्चेत मागे पडला.

२००६ : चालीला पुन्हा मान्यता

त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे साधन संसदेने २००६ मध्येच दिले होते. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांचे वनहक्क मान्य करणाऱ्या कायद्याच्या कलम ३(१)(ख) मध्ये, निस्तार किंवा त्यास अन्य कोणतेही नाव असो, असे सामूहिक हक्क, संस्थाने, जमीनदारी अथवा तत्सम मध्यस्थ राजवटींत वापरात असलेल्या हक्कांसह, मान्य करण्यात आले. याच कलमात चराईचा आणि फिरत्या पशुपालकांच्या हंगामी प्रवेशाचा हक्कही आहे. मध्य प्रांताच्या खेड्यातला शब्द राष्ट्रीय कायद्याच्या मजकुरात आला. कायद्याचे कलम ४ ‘इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी’ या पदावलीने सुरू होते, म्हणजे येथे परवानगीचा नियम वरचढ आहे हे संसदेने आरंभीच जाहीर केले. वनजमिनीच्या व्याख्येत मानीव वने, म्हणजे कागदोपत्री वन समजली जाणारी क्षेत्रेही, समाविष्ट असल्याने, ज्या वर्गीकरणाने झुडपी जंगल पंचायतीच्या बांधकामाला बंद झाले, त्याच वर्गीकरणाने ते पात्र गावांच्या सामूहिक दाव्यासाठी खुले होते.

प्रक्रियाही उलटी आहे. दाव्याची सुरुवात ग्रामसभा करते, त्यानंतर तो उपविभागीय व जिल्हास्तरीय समितीकडे जातो. आणि पुरावा म्हणून गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल व नकाशे यांच्या बरोबरीने गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवलेले निवेदनही ग्राह्य आहे. १८६० च्या दशकात जो आवाज कागदावर पुरता उतरला नाही, त्याला स्वतःची नोंद मागण्याचा मार्ग यामुळे मिळाला. अर्थात इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, निवास सिद्ध करावा लागतो. त्यामुळे वर्ध्यासारख्या जिल्ह्यात जुने वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रके हा पुराव्याचा मोठा आधार आहे.

नव्या साच्यापुढील काम

सध्या अभिलेख पुन्हा एकदा साचा बदलत आहेत. फेरफाराची नोंद संगणकावर होते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शेतकऱ्याला घरबसल्या मिळतो. कोणी नोंद घ्यावी, कोणी तपासावी आणि कोणी केवळ पाहावी याची विभागणी यंत्रातच बसवलेली आहे आणि तिचे फायदे निर्विवाद आहेत. परंतु सातबारा हा मुळात भोगवटादाराचा उतारा आहे, तर निस्तार हा कोणा एका खातेदाराचा नसून गावाचा हक्क असल्याने त्याला त्या उताऱ्यात खाते नाही. जे खात्यात नाही ते यंत्राला दिसत नाही, आणि ‘नियम लागू नाही’ या उत्तराचे रूपांतर ‘हक्क नाही’ या उत्तरात होण्यास मग फारसा वेळ लागत नाही.

म्हणूनच डिजिटल अभिलेखांत प्रत्येक गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज जमिनीच्या गट क्रमांकांशी जोडून कोणालाही वाचता येतील असे ठेवणे, वन व महसूल यांच्या नोंदी भिन्न असतील तेथे कोणती नोंद कोणत्या कायद्याने वरचढ आहे ते त्याच पानावर लिहिणे, आणि कलम १६१ ने दिलेला दुरुस्ती मागण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला व रहिवाशांना प्रत्यक्ष वापरता येईल अशी सोय करणे, ही या इतिहासातून निघणारी तीन कामे आहेत. मालगुजाराच्या काळापासून परवानगीच्या भाषा अनेकदा बदलल्या. १९६६ च्या संहितेत आणि २००६ च्या कायद्यात त्या लोकांच्या बाजूने झुकल्या त्या, नियमाचा मसुदा गावापुढे मांडून गावाचे म्हणणे ऐकण्याची अट त्यांत होती म्हणून. नव्या साच्यात इतर काहीही बदलले तरी ही अट सुटता कामा नये.